निदानापुढचे प्रश्नचिन्ह

माझ्या धाकट्या भावाला रुग्णालयातून घरी सोडताना जे डिस्चार्ज कार्ड मिळाले, त्यावर निदानाच्या रकान्यात दोन ओळी होत्या. पहिली ओळ गांजा अवलंबित्वाची, म्हणजे गांजाच्या व्यसनाची, होती आणि तिच्यापुढे पूर्णविराम होता. दुसऱ्या ओळीत गांजाजन्य मनोविकृती (गांजामुळे भास होणे, खोटे संशय येणे) असे लिहिलेले होते आणि तिच्यापुढे ठळक प्रश्नचिन्ह काढलेले होते. आप्पांना, म्हणजे आमच्या वडिलांना, त्या प्रश्नचिन्हाचा राग आला, कारण इतके दिवस दाखल करून घेऊनही डॉक्टरांना काही ठरवता आले नाही असा त्यांनी त्याचा अर्थ लावला. आईला मात्र त्यात आशा दिसली. ते प्रश्नचिन्ह तिथे का होते, ते असतानाही उपचार कसे चालू राहिले आणि पुढे त्याचे काय झाले, हे मी इथे लिहिणार आहे, कारण या आजारात सापडलेल्या कुटुंबांना भोवतालचे लोक दोनच गोष्टी ऐकवत असतात: एक तर हे सगळे नशेचे चाळे आहेत, नाहीतर मुलाच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. भावाने हा मजकूर वाचला आहे आणि त्याच्या सांगण्यावरून काही तपशील मी बदलले आहेत.

आम्ही साताऱ्याचे. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. भाऊ पदविकेसाठी पुण्याला गेला आणि तिथे खोलीवरच्या मुलांबरोबर त्याने गांजा ओढायला सुरुवात केली. आधी तो शनिवारी रात्री ओढत असे, पुढे रोज रात्री आणि शेवटच्या वर्षी सकाळी उठल्याबरोबरही. सिगारेटमधली तंबाखू हातावर काढून, तीत गांजा चुरून, पुन्हा कागदात गुंडाळून जॉइंट करायचा, अशी त्यांची रीत होती. त्यामुळे गांजाबरोबर तंबाखूचीही सवय लागली. २०२० च्या टाळेबंदीत तो घरी अडकला तेव्हा माल मिळेना म्हणून काही महिने गांजा पूर्ण बंद होता. त्या काळात सुरुवातीला त्याची झोप उडाली, चिडचिड झाली आणि मग तो सावरला. हा तपशील आम्हाला तेव्हा अर्थातच ठाऊक नव्हता, परंतु पुढे निदानाच्या वेळी त्याला फार महत्त्व आले.

पदविकेनंतर त्याला चाकणला एका कारखान्यात क्वालिटी विभागात नोकरी लागली. वर्षभराने त्याचे फोन कमी झाले. आला तरी तो हळू आवाजात बोले, कारण खोलीवरची मुले आपल्या फोनमधून सगळे ऐकतात, असे त्याला वाटू लागले होते. मेसच्या डब्यात काहीतरी मिसळतात म्हणून त्याने डबा बंद केला. पहाटे दुधाचा टेम्पो हॉर्न वाजवी, तो आपल्यासाठी केलेला इशारा आहे, असे त्याने मला अगदी शांतपणे सांगितले. मी त्याला आणायला गेले तेव्हा खोलीतल्या प्रत्येक सॉकेटवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवलेली होती आणि फोन स्टीलच्या डब्यात, तांदळात पुरून ठेवलेला होता. घरी आल्यावर तो गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे बसून ओढत असे. मधूनच मान वळवून तो कोणाला तरी उत्तर दिल्यासारखे पुटपुटे. गांजा हाताशी नसलेल्या दिवशीही हे पुटपुटणे थांबत नव्हते, ही गोष्ट माझ्या लक्षात आली आणि मी ती तारखेनिशी वहीत लिहून ठेवू लागले. वर्गात प्रयोगवही लिहून घेण्याची सवय असल्यामुळे ते आपोआप घडले असेल.

त्यानंतरच्या काही आठवड्यांत आम्ही ज्या दारांवर गेलो, तिथे जवळजवळ एकच गोष्ट उलटसुलट ऐकली. घरच्या डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. आत्याने बाहेरचे काही असेल म्हणून उतारा करायला सांगितला. एका व्यसनमुक्ती केंद्राने चौकशीतच स्पष्ट केले की, कानात आवाज येत असतील तर आधी मनोविकारतज्ज्ञांकडून ते बंद करून आणा, मग आम्ही घेऊ. एका खासगी मानसोपचार रुग्णालयात नेमके उलट सांगण्यात आले की, लघवीत गांजा सापडतो आहे तोवर आमच्या औषधांचा उपयोग नाही, आधी व्यसन सोडवा. व्यसन आणि मनोविकृती हे दोन्ही एकाच माणसात आणि एकाच वेळी असतात, किंबहुना एकमेकांना खतपाणी घालतात, हे मानसोपचारात जुने आणि सर्वमान्य ज्ञान आहे. तरीही दोन्हींसाठी दारे वेगळी ठेवलेली असली की मधल्या बोळात कुटुंबच उभे राहते. आणखी एका केंद्राने तर रात्री गाडी आणि चार मुले पाठवून त्याला उचलून नेण्याची तयारी दाखवली, पैसेही आगाऊ मागितले आणि तीन महिने भेटायला येऊ नका असे बजावले. आई त्यालाही तयार झाली होती. मी नकार दिला, कारण ज्या मुलाला आधीच आपल्यावर पाळत आहे असे वाटते, त्याला अंधारात अनोळखी माणसांनी गाडीत कोंबले तर त्याचा भ्रमच खरा ठरतो. पुढे मला कळले की मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थितींचा समावेश आहे, त्यामुळे माणसाला दाखल करण्याची रीत आणि त्याचे हक्क व्यसनाच्या रुग्णालाही लागू होतात. उचलून नेणे ही त्या कायद्यातली रीत नाही.

भाऊ शेवटी रुग्णालयात आला तो झोपेसाठी. आपण आजारी आहोत हे त्याला मान्य नव्हते, गांजा सोडायचा नव्हता आणि आवाज खरे आहेत याविषयी त्याला शंका नव्हती. परंतु कित्येक रात्री झोप झालेली नाही, हे मात्र तो स्वतःच सांगत होता. मी तेवढेच धरून ठेवले. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या मानसोपचार ओपीडीत आम्ही केसपेपर काढला आणि गर्दीत नंबर येईपर्यंत तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

ज्या डॉक्टरांनी त्याला तपासले त्यांनी आधी त्याच्याशी एकट्याने बोलून घेतले, नंतर आम्हाला आत बोलावले आणि मग एक कोरा कागद आडवा धरून त्यावर लांब रेघ ओढली. रेघेच्या वर वर्षे आणि गांजाचे प्रमाण, रेघेच्या खाली लक्षणे. पहिला जॉइंट कधी, रोजचा कधीपासून, सकाळचा कधीपासून. संशय कधीपासून, आवाज कधीपासून, कामात चुका कधीपासून. माझी वही तेव्हा उपयोगी पडली. त्यानंतर त्यांनी जो प्रश्न विचारला तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: गांजा पूर्ण बंद होता असा एखादा काळ आहे का, आणि त्या काळात हा कसा होता? भावानेच टाळेबंदीचे महिने सांगितले. त्या काळात आवाज नव्हते, संशय नव्हता. डॉक्टरांनी रेघेवर तिथे एक मोकळी चौकट काढली आणि दुसरा प्रश्न केला, घराण्यात कोणाला असा आजार होता का. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आप्पांनी त्यांच्या एका चुलतभावाविषयी सांगितले, जो ऐन तारुण्यात घर सोडून गेला होता आणि ज्याचा उल्लेख आमच्याकडे कधीच होत नसे. तीही नोंद कागदावर गेली. एक नोंद आजार गांजापुरता असण्याकडे बोट दाखवत होती, दुसरी तसे नसण्याकडे.

अवलंबित्वाचे निदान त्या मानाने लवकर झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत त्यासाठी सहा निकष आहेत: तीव्र ओढ, प्रमाणावर ताबा न राहणे, बंद केल्यावर शारीरिक-मानसिक त्रास, तीच धुंदी येण्यासाठी अधिक प्रमाण लागणे, इतर आवडीनिवडी मागे पडणे आणि नुकसान दिसत असूनही चालू ठेवणे. मागच्या वर्षभरात यांतले तीन किंवा अधिक एकत्र दिसले तर अवलंबित्व मानतात. भावाकडे जवळजवळ सगळे होते. गांजाची सवय लागत नाही, त्यात रसायन नसते, तो झाडपाला आहे, असे तो आणि त्याचे मित्र नेहमी म्हणत. रसायनशास्त्राच्या शिक्षिकेच्या भावाने हे म्हणावे याचे मला त्याही परिस्थितीत हसू आले.

लघवीच्या तपासणीविषयी लोकांच्या अपेक्षा अवाजवी असतात, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. गांजातले मुख्य धुंदी आणणारे द्रव्य टीएचसी हे चरबीत विरघळते आणि शरीरातल्या चरबीत साठून राहते. त्यामुळे क्वचित ओढणाऱ्याच्या लघवीत त्याचे अंश साधारण तीन-चार दिवस सापडतात, तर रोज ओढणाऱ्याच्या लघवीत तीन-चार आठवडे, कधी त्याहूनही अधिक काळ सापडत राहतात. म्हणजे तपासणी पॉझिटिव्ह आली तर गांजा शरीरात गेला होता एवढेच कळते. आज ओढला की पंधरवड्यापूर्वी, आणि मनोविकृती त्याच्यामुळेच आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. त्याबरोबरच थायरॉइड, ब-१२ जीवनसत्त्व, साखर, यकृत, एचआयव्ही या रक्ताच्या तपासण्या आणि मेंदूचा विद्युतआलेख झाला, कारण मेंदूज्वर, अपस्मार किंवा ग्रंथींचे बिघाडही कधीकधी असेच रूप घेऊन येतात.

दाखल करताना आप्पांना पोलिसांची भीती वाटत होती. ती अगदीच निराधार नाही. गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ च्या कलम २७ नुसार गांजाचे सेवन हासुद्धा गुन्हा आहे आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. परंतु त्याच कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये स्वेच्छेने शासकीय किंवा शासनमान्य संस्थेत उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण दिले आहे, आणि रुग्णाच्या माहितीची गोपनीयता हा २०१७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. वॉर्डातल्या समाजसेविकेने आप्पांना हे इतक्या सावकाश आणि इतक्या वेळा सांगितले की शेवटी ते दाखल करायला तयार झाले. दाखल करणे २०१७ च्या कायद्याच्या कलम ८९ खाली झाले, म्हणजे ज्याला त्या क्षणी स्वतःचा निर्णय घेण्यासाठी मोठ्या आधाराची गरज आहे अशा रुग्णाला, त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून आणि दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासल्यावर, जास्तीत जास्त तीस दिवसांसाठी दाखल करून घेता येते. प्रतिनिधी म्हणून भावाने माझे नाव सांगितले.

वॉर्डातला पहिला आठवडा सर्वांत गोंधळाचा होता, कारण गांजा सुटण्याचा त्रास आणि मूळ लक्षणे एकमेकांत मिसळलेली होती. गांजा बंद झाल्यावर एक-दोन दिवसांत चिडचिड, भूक मरणे, घाम, अस्वस्थता आणि भयंकर स्पष्ट स्वप्ने सुरू होतात; पहिल्या आठवड्यात ती कळस गाठतात आणि दोनएक आठवड्यांत ओसरतात. तो ताट ढकलून देई तेव्हा त्याला भूक नसे की अन्नात काही मिसळले आहे असे वाटे, हे आम्हाला कळत नसे. परिचारिकेने यावर साधा उपाय केला: त्याच्यासमोर फोडलेले बिस्किटाचे पाकीट आणि न सोललेले केळे दिले. ते त्याने खाल्ले.

औषध म्हणून सुरुवातीला आवाज आणि संशय कमी करणारे रिस्पेरिडोन अल्प मात्रेत आणि रात्रीपुरते झोपेसाठी लोराझेपाम दिले. काही दिवसांत त्याची चाल बदलली. चालताना हात हलेनात, चेहरा ताठ झाला, आणि बसला की पाय स्वस्थ राहीनात. आईला वाटले की आजार वाढला. तो औषधाचा परिणाम होता. ताठरपणासाठी ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी दिली, तीही मोजून, कारण त्या गोळीचा नशेसाठी गैरवापर होतो हे डॉक्टरांना माहीत असते. पुढे मूळ औषधच बदलून त्याच कामाचे ओलांझापिन सुरू केले. त्यानंतर प्रत्येक भेटीत डॉक्टर त्याला सिगारेटविषयी विचारू लागल्या. त्यामागचे कारण मला आवडले, म्हणून सांगते. तंबाखूच्या धुरातील घटकांमुळे यकृतातले एक विशिष्ट विकर (एन्झाइम) अधिक प्रमाणात तयार होते आणि ते ओलांझापिन लवकर फोडते. वॉर्डात सिगारेट बंद असताना जी मात्रा पुरते, ती बाहेर येऊन पुन्हा सिगारेट सुरू केल्यावर अपुरी पडू शकते, आणि उलट, सिगारेट एकदम सोडली तर तीच मात्रा जड होते. म्हणून डॉक्टर म्हणाल्या, “ओढत असाल तर ओढतो म्हणा, मला रागवायचे नाही, गोळी बसवायची आहे.” ओलांझापिनने भूक वाढते, काही महिन्यांत त्याचे वजन दिसण्याइतके वाढले, आणि साखर व चरबीच्या तपासण्या ठरावीक काळाने करणे आले.

आवाज एकदम थांबले नाहीत. आधी ते लांब गेले, मग फक्त दिवेलागणीला येऊ लागले. एका भेटीत तो म्हणाला, “ताई, ते बोलतात अजून, पण आता माझ्याविषयी नाही.” मी ते वाक्य डॉक्टरांना सांगितले तेव्हा त्यांनी ते जसेच्या तसे केसपेपरवर उतरवून घेतले.

घरी सोडण्याच्या वेळीही त्याचा संशय थोडा शिल्लक होता, आणि प्रश्नचिन्हाचे मूळ इथे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच वर्गीकरणानुसार केवळ अमली पदार्थामुळे झालेली मनोविकृती साधारणपणे महिन्याभरात किमान अंशतः आणि सहा महिन्यांत पूर्णतः ओसरायला हवी; ती टिकली तर स्किझोफ्रेनियासारख्या, नशेविनाही राहणाऱ्या दीर्घ मानसिक आजाराचा विचार करावा लागतो. म्हणजे निदान ठरवण्यासाठी जे लागते ते यंत्र किंवा रक्त नसून गांजाविना गेलेला काळ असतो. डॉक्टर म्हणाल्या, “आज मी नुसते गांजामुळे असे लिहिले तर तुम्ही दोन महिन्यांनी गोळ्या बंद कराल, आणि स्किझोफ्रेनिया लिहिले तर तुम्ही त्याच्याकडे बघायची पद्धत बदलाल. मला दोन्ही नको आहे.”

मी पुढची शक्यता आकड्यांत विचारली. डेन्मार्कमधील १९९४ ते २०१४ या काळातील नोंदींवर आधारलेला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात गांजाजन्य मनोविकृतीचे निदान झालेल्यांपैकी ४७.४ टक्के लोकांना पुढील वर्षांत स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजाराचे (उन्माद आणि नैराश्याचे झटके येणाऱ्या आजाराचे) निदान करावे लागले. निरनिराळ्या अभ्यासांचे २०२० मधील एक संकलन केवळ स्किझोफ्रेनियाचे प्रमाण ३४ टक्के दाखवते. हे आकडे परदेशातील रुग्णालयीन नोंदींचे आहेत, हे मी लक्षात ठेवले. तरीही नशा सुटली की सगळे ठीक होईल, असे म्हणण्याची सोय ते ठेवत नाहीत. उलट बाजूने आप्पांचा प्रश्न होता की, खोलीवरची बाकीची मुले तेच ओढत होती, त्यांना का काही झाले नाही. तोही रास्त होता. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे ३.१ कोटी लोकांनी वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतला होता, आणि त्यांपैकी साधारण ७२ लाखांना त्यासाठी मदतीची गरज होती. म्हणजे बहुतेकांचे अवलंबित्वापर्यंतही जात नाही. कोवळे वय, रोजचा वापर, टीएचसीचे प्रमाण जास्त असलेला माल आणि घराण्यातला आजार, ही धोका वाढवणारी कारणे आहेत. आमच्याकडे ती एकत्र आली होती.

एक अवांतर गोष्ट. १८९३-९४ मध्ये ब्रिटिश सरकारने नेमलेल्या हेम्प ड्रग्ज कमिशनने हिंदुस्थानातल्या वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदी तपासल्या, तेव्हा वेडाचे कारण म्हणून गांजा असे जे लिहिलेले होते, ते पुष्कळदा पोलिसांच्या किंवा कारकुनाच्या सांगण्यावरून, विशेष चौकशी न करता लिहिलेले आढळले. दुसरे काही कारण सापडले नाही की गांजा लिहून मोकळे व्हायचे. आमच्या नातेवाइकांचे निदानही त्याच पद्धतीने झाले होते, त्यामुळे प्रश्नचिन्ह काढणाऱ्या डॉक्टरांविषयी मला अधिकच आदर वाटला.

गांजाच्या अवलंबित्वावर दारू किंवा अफूच्या व्यसनासारखे मान्यताप्राप्त औषध अद्याप नाही. तिथे बोलणे हाच उपचार आहे. त्याच ओपीडीत समुपदेशक होते, ही आमची मोठी सोय झाली. त्यांनी पहिल्या बैठकीत गांजाचे तोटे सांगितलेच नाहीत. गांजाने तुम्हाला काय दिले, असे विचारले. हे ऐकून आई खोलीबाहेर निघून गेली. भावाने सांगितले की, तो पुण्यात आला तेव्हा त्याला कोणी ओळखत नव्हते आणि जॉइंट फिरवताना त्याला पहिल्यांदा कोंडाळ्यात जागा मिळाली; पुढे पाळ्यांच्या कामात झोप येईना तेव्हा त्याने झोपही आणली. म्हणजे गांजा काढायचा तर झोप आणि माणसे या दोन्हींची तजवीज करावी लागणार होती. झोपेचे काम औषधाने आणि ठरलेल्या वेळांनी केले. माणसांचे काम अवघड होते. जुन्या मुलांचे गट फोनमधून काढणे, खोली बदलणे, पगाराच्या खात्यावर काही काळ मर्यादा ठेवणे, ओढ आली की ती साधारण अर्ध्या तासात ओसरते हे लक्षात ठेवून तो वेळ काढण्याचे मार्ग आधीच ठरवून ठेवणे, असे पुष्कळ किरकोळ दिसणारे उपाय त्यांनी त्याच्याकडूनच वदवून घेतले. काही काळाने तो पुण्यातल्या एका स्वमदत गटात जाऊ लागला.

मध्येच एका मित्राच्या लग्नात त्याने पुन्हा ओढला. दोन दिवसांत आवाज परतले. त्याने ते मला स्वतः फोन करून सांगितले, आणि समुपदेशकांच्या दृष्टीने घसरण्यापेक्षा त्या फोनचे महत्त्व अधिक होते. गोळीची मात्रा काही आठवडे वाढवली आणि तो सावरला. आप्पांचे मत मात्र त्या प्रसंगाने पक्के झाले: गांजा आला की आजार येतो, म्हणजे गांजा हाच आजार.

त्यानंतरचा बराच काळ निर्वेध गेला. नोकरी पुन्हा लागली, डॉक्टरांनी मात्रा हळूहळू खाली आणली. मग एका उन्हाळ्यात तो पुन्हा डबा न खाता परत आणू लागला. शेजारची माणसे आपल्याविषयी बोलतात, असे त्याने आईला सांगितले. आप्पांनी त्याला दारातच विचारले, “पुन्हा ओढलास?” तो नाही म्हणाला. त्यांचा विश्वास बसला नाही आणि खरे सांगायचे तर माझाही अर्धाच बसला. ओपीडीत लघवीची तपासणी झाली. परिचारिकेच्या हातातल्या पट्टीवर दोन रेघा उमटलेल्या दिसल्या तसे आप्पांनी डोक्याला हात लावला, कारण करोनाच्या काळात दोन रेघा म्हणजे काय हे सगळ्यांच्या मनावर कोरले गेले आहे. परिचारिका म्हणाली, “काका, इथे उलटे असते. दुसरी रेघ आली म्हणजे काही सापडले नाही.” या पट्टीवर अमली पदार्थाचा अंश असेल तर तो दुसरी रेघ उमटू देत नाही. पुढच्या आठवड्यांत पुन्हा केलेल्या तपासण्याही निगेटिव्हच आल्या. जी तपासणी आम्ही त्याच्यावर पहारा म्हणून मागत होतो, ती त्याच्या बाजूची साक्षीदार ठरली. आप्पा त्या दिवशी बसस्टँडपर्यंत त्याच्याशी काही बोलले नाहीत, पण त्याची पिशवी त्यांनी स्वतःकडे घेतली.

गांजाविना आणि अनेक आठवडे लक्षणे राहिल्यामुळे डॉक्टरांनी निदान बदलले. केसपेपरवर आता स्किझोफ्रेनिया असे लिहिले आहे, आणि अवलंबित्वाच्या ओळीपुढे सध्या वापर बंद असल्याची नोंद आहे. गांजाने आजार निर्माण केला की येऊ घातलेला आजार लवकर आणला, याचे उत्तर एका माणसाच्या बाबतीत देता येत नाही, असे डॉक्टर म्हणाल्या. मात्र पुढे गांजा ओढला तर आजार बळावेल, हे त्या ठामपणे सांगतात. आई खूप रडली. मला वाटले होते त्यापेक्षा मी शांत राहिले, कारण उपचारात फार मोठा बदल झालाच नव्हता. तीच ओपीडी, तेच समुपदेशक, तीच गोळी, फक्त तिची मात्रा थोडी वाढली आणि ती अधिक वर्षे घ्यायची हे ठरले. पहिल्याच दिवशी कोणी दोनांपैकी एक शिक्का मारला असता, तर मधल्या काळात एक तर त्याची गोळी सुटली असती, नाहीतर गांजाकडे दुर्लक्ष झाले असते.

सध्या तो सकाळपाळीतच काम करतो. रात्रपाळी देऊ नये असे पत्र डॉक्टरांनी दिले आहे. सिगारेट अजून पूर्ण सुटलेली नाही. मागच्या हिवाळ्यात त्याने एक काम स्वतःहून केले. आजार बळावून निर्णयक्षमता राहिली नाही तर आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत, हे माणसाला आधीच लेखी सांगून ठेवण्याची सोय २०१७ च्या कायद्यात आहे. तातडीच्या उपचारांना ते बंधनकारक नसते, तरी इतर वेळी डॉक्टरांना सहसा त्यानुसारच उपचार द्यावे लागतात. त्याने समाजसेविकेच्या मदतीने तसा कागद केला, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि एक प्रत माझ्याकडे दिली. त्यात रिस्पेरिडोनने शरीर ताठ होते म्हणून ते शक्यतो देऊ नये, आधी ताईला कळवावे, नेणार असाल तर दिवसा न्यावे आणि कुठे नेत आहात ते मला सांगावे, मी ऐकत नाही असे वाटले तरी सांगावे, असे त्याच्या अक्षरात लिहिलेले आहे.